न वाचलेले नववे कलम

मी, त्र्यंबक महादेव कर्णिक, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पूर्वी दस्तलेखन व आता खोकला, राहणार कोपरी, ठाणे, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दाबाखाली नसून (माझी पत्नी दाराशी उभी आहे, तो दाब धरू नये), हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. यापूर्वी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात घर, भांडी, छत्री सगळे व्यवस्थित वाटले होते, पण खरी गोष्ट लिहायची टाळली होती.

बेचाळीस वर्षे मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे लिहिली. मरणाला टेकलेला माणूस घरादाराच्या वाटण्या भराभर सांगतो आणि एका जागी अडतो, पाणी मागतो. त्याचे खरे कलम तेच असते. माझे ते कलम कोपरीच्या फुटबॉल संघाचे आहे. आमचा संघ विश्रामशेठ मुरकरांच्या खिशात कसा गेला याबद्दल गावात जे बोलले जाते ते खोटे आहे, आणि ते खोटे मी तीन वर्षे चालू दिले. ते दुरुस्त केल्याशिवाय मला जाता येत नाही.

१. कोपरीतील दोन खोल्या, मागची पडवी व विहिरीवरचा समाईक हक्क माझी पत्नी मंदाकिनी हिला तहहयात. तिच्यामागे मुलगा आनंद व मुलगी शुभदा यांना निम्मे निम्मे. पडवी खोल्यांपेक्षा लांब का, असा वाद पुढे निघू नये म्हणून लिहितो. १९४८ साली संघाचे गोलाचे खांब आत मावावेत म्हणून मी ती न विचारता वाढवली. मंदाकिनी आठ दिवस बोलली नाही आणि नवव्या दिवशी तिने त्या खांबांवर धुणे वाळत घातले.

२. पोस्टात जे असेल ते तिचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. तिचे दागिने तिचेच आहेत. ते आपले असल्यासारखे वाटून टाकणारे नवरे मी माझ्या टेबलासमोर पुष्कळ पाहिले.

३. माझे मनगटी घड्याळ व सायकल आनंदला. तो विश्रामशेठच्या कचेरीत टंकलेखक आहे. ही नोकरी त्याला संघ व शेठ यांच्या १९५३ च्या करारपत्रानंतर अकरा महिन्यांनी, स्वतःच्या परीक्षेवर लागली. लोकांना दोन गोष्टी जोडायच्या असतात, ते जोडतात. त्याने मला एकदाच विचारले होते, "बाबा, तुम्ही मॅचला येत नाही ते माझ्यामुळे का?" मी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे त्याला कळले नसेल. आनंद, तुझ्यामुळे नाही रे.

४. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून डोंबिवलीच्या शाळेत शिकवणारी माझी मुलगी शुभदा हिला नेमतो. मुलगा असताना मुलगी का, असे माझे मेहुणे विचारतील. त्यांना सांगावे की शुभदा भेळेच्या पुडीचा कागदही उलगडून वाचते आणि फाटलेला भाग कुठे गेला म्हणून भेळवाल्याला विचारते. मला असाच माणूस हवा आहे. घरात असा माणूस असताना मी करारपत्राच्या दसऱ्याला त्याला तो कागद दाखवला नाही, ही माझी अक्कल.

५. माझी लेखणी, टाक, दौती, अंगठ्याच्या शाईची पत्र्याची डबी व दस्तांच्या नमुन्यांची वही शुभदाला. वही जाळू नये. त्यातले एकेचाळिसावे पान तेवढे फाडावे. ते देवस्थानाला दीपमाळ बांधून देणाऱ्याच्या दस्ताचे आहे. त्या पानाने काय केले ते खाली येईल.

६. माझ्या ट्रंकेत तळाशी एक निळा गंजीफ्रॉक आहे. तो मला मेल्यावर अंगात घालावा, खाली धोतर असले तरी चालेल. संघ निघाला तेव्हा मंदाकिनीने असे बारा गंजीफ्रॉक घरच्या बादलीत नीळ घालून रंगवले. अकरा खेळाडूंना, बारावा मला, कारण मी चिटणीस. भर पावसात सामना झाला की खेळाडूंच्या छातीपाठी निळ्या होत आणि आमच्या घरची धोतरे महिनाभर. मी स्वतः चेंडूला पाय एकदाच लावला, तेव्हा चप्पल चेंडूपेक्षा लांब गेली. माझी जागा गोलामागे, छत्री घेऊन. गोलात मिठागरावरचा दौलत कान्हा तरे. आम्ही हरत होतो फार. तीनपैकी दोन सामने तरी हरायचोच. पण रविवारी संध्याकाळी कोपरीत कोणी भेटले की आधी विचारायचे, "आपलं काय झालं?" त्या 'आपलं'मध्ये मी, मिठागरवाले, रेल्वेतले, नव्याने आलेले निर्वासित, सगळे बसत. कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलाशी बेचाळीस वर्षांत फक्त भाऊ भावाविरुद्ध आलेले पाहिले होते. मला ते रविवार फार आवडायचे.

७. पडवीतले चार खांब आणि दोन आडवे वासे, खाडीतल्या मोडलेल्या पडावाच्या, म्हणजे मालाच्या होडीच्या, सागाचे, सायकलवाले पोपट धर्मा वैती यांना. आमची रीत अशी होती की दसऱ्याच्या सामन्यानंतर खांब उपटायचे, खांद्यावर माझ्याकडे आणायचे आणि ज्येष्ठात पुन्हा मिरवत नेऊन पुरायचे. करारपत्रात संघाच्या वस्तूंची यादी मीच केली. चेंडू, शिट्टी, पाण्याचे पिंप, सगळे लिहिले, खांब विसरलो, कारण त्यांच्यावर लुगडी वाळत होती. त्यामुळे ते शेठकडे गेले नाहीत. शेठने नंतर लोखंडी नळ बसवले. पोपटने हे खांब कोपरीत जिथे जागा मिळेल तिथे पुरावेत, मग समोर अकरा माणसे असोत की पाच. खांब खरे तर दौलतला द्यायला हवेत. पण दौलत मला साक्षीला हवा आहे, आणि ज्याला द्यायचे त्याची साक्ष घ्यायची नाही हा माझा शिरस्ता आहे.

८. माझ्या अंत्ययात्रेला विश्रामशेठकडून पिवळ्या फुलांचे चक्र आल्यास ते मानाने परत करावे. 'मुरकर इलेव्हन'ने माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये, सामन्याआधी दोन मिनिटे उभे राहू नये, दंडाला काळी फीत लावू नये.

शीळफाट्याच्या रस्त्याला शेठच्या विटांच्या भट्ट्या आहेत. १९५५ च्या ज्येष्ठात त्यांनी आमच्या संघाचे नाव बदलून वडिलांच्या आडनावाचे केले. निळा रंग जाऊन त्यांच्या लॉऱ्यांचा पिवळा आला. मुंबईहून सात खेळाडू आणले. दौलतला सांगितले, तुझी उंची कमी पडते. सात वर्षे ती पुरत होती. कोपरीचे सामने कल्याणला नेले, तिथे दोरी बांधली, दोरीच्या आत खुर्च्या आणि बाहेर आम्ही.

आणि संघ जिंकू लागला. हा सगळ्यात मोठा ताप. गोल झाला की सवयीने हात वर जायचे, मग ते खाली कसे आणायचे ते कळायचे नाही. पोपट एकदा म्हणाला, "भाऊ, जिंकलेत ते. आपण कशाला आलेलो?" मी त्या दिवसापासून गेलो नाही. वाईट खेळला असता संघ, तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

त्याच श्रावणात चाळीस माणसे शेठच्या भट्टीवर गेली. मीही होतो. शेठने चहा दिला, करारपत्र आणवले आणि नववे कलम सगळ्यांना दाखवले. दौलत उभा राहिला. म्हणाला, "ह्यो कागुद बदललाय. भाऊंनी वाचला तवा ह्यात ह्या काय नव्हता. इचारा भाऊंना." सगळे माझ्याकडे वळले. मी छत्री उघडली आणि मिटली. म्हणालो, "बघावं लागेल." पुढच्या आठवड्यात दौलतचे, पावसात मिठागर बंद असताना मिळणारे, भट्टीवरचे विटा भरायचे काम गेले, आणि तेव्हापासून तो ठाण्यापासून कल्याणपर्यंत भेटेल त्याला सांगतो आहे की शेठने कागद बदलला, भाऊ साक्षीला आहेत.

९. हे कलम वाचणाऱ्याने सावकाश वाचावे.

कागद बदललेला नाही. नववे कलम पहिल्यापासून होते आणि ते मी लिहिले.

१९५३ साली शेठ मैदान सपाट करून देणार, छप्पर घालणार, बूट देणार, असे ठरले तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला होता, आज कोणी कबूल करो न करो. करारपत्राला ते माझ्याकडे आले. एवढेच म्हणाले, "काहीतरी मानाचं घाला भाऊ, वडिलांना बरं वाटेल." फुटबॉल संघाच्या कराराचा नमुना माझ्या वहीत नव्हता. मी एकेचाळिसावे पान काढले आणि दीपमाळ देणाऱ्याला देवळात जो मान असतो तो जसाच्या तसा उतरवला. 'देवस्थान' होते तिथे 'संघ' केला. कलम असे झाले: 'संघाचे नाव, रंग, स्थान व सेवेकरी यांविषयी दात्याचा शब्द अखेरचा राहील, व हा मान दात्याच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या चालेल.' सेवेकरी म्हणजे आमचे खेळाडू. शेठने एवढे मागितलेही नव्हते. अक्षर मात्र त्या दिवशी फार सुरेख आले होते.

दसऱ्याला मैदानावर मी कागद वाचायला उभा राहिलो. चेंडूला झेंडूची माळ घालून झाली होती, कळव्याचा संघ खोळंबला होता, लोक आपट्याची पाने हातात धरून ताटकळले होते. आठ कलमे वाचली. नवव्याशी आलो तेव्हा मागून कोणी म्हणाले, "आवरा भाऊ, उजेड जाईल." मी कागदाची घडी घातली. म्हणालो, "बाकी नेहमीचंच आहे."

मग संघप्रमुख म्हणून दौलतला पुढे बोलावले. त्याचा अंगठा मी माझ्या हातात धरला, शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. खाली मीच लिहिले होते: मजकूर वाचून दाखविला, समजला, मान्य.

मी पैसे खाल्ले नाहीत. शेठशी संगनमत केले नाही. मला ते कलम खरोखरच नेहमीचे वाटले, आणि हेच मला गिळवत नाही. लबाडी केली असती तर निदान डोळे उघडे ठेवून केली असती. विश्रामशेठवर माझा राग आहे आणि तो मी बरोबर नेणार आहे. मिळालेला मान त्यांनी पुरेपूर वापरला, चहा पाजून वापरला. पण कागदात फेरफार केल्याचा आळ त्यांच्यावर आहे, तो खोटा आहे. आणि दौलतही खोटे बोलत नव्हता. त्याने जे ऐकलेच नाही, ते कागदात नव्हते असेच तो म्हणणार. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, त्यापायी त्याचे काम गेले, आणि मी छत्री उघडून मिटली.

येत्या दसऱ्याला हे नववे कलम शुभदाने कोपरीत, लोकांसमोर, पूर्ण वाचावे. मी जिवंत असलो तर मी समोर बसेन. उजेड जाईल असे कोणी म्हणाल्यास कंदील आणावा.

येणेप्रमाणे माझे सांगणे संपले. यात खाडाखोड दोन ठिकाणी आहे, दोन्ही नवव्या कलमात, दोन्ही माझ्या हातच्या.

मुक्काम कोपरी, ठाणे
रविवार, दिनांक १७ ऑगस्ट १९५८

(सही) त्र्यंबक महादेव कर्णिक

साक्षीदार:

१. (सही) बाळ गोविंद फणसे, शेजारी, कोपरी

२. दौलत कान्हा तरे, मिठागर कामगार, कोपरी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा

ताजा कलम. साक्षी झाल्यावर ही टीप लिहीत आहे. हिला साक्ष नाही, तेव्हा कायद्याने हिला किंमत नाही, हे मी जाणतो.

साक्षीदाराला मृत्युपत्राचा मजकूर ऐकवावाच लागतो असे नाही. मी ऐकवायचे ठरवले होते. सकाळी दौलत आला तेव्हा नवव्या कलमातली गोष्ट मी त्याला आधी तोंडी सांगितली. तो पायरीवर बसून राहिला. मंदाकिनीने चहा ठेवला, तो निवला. मग मी चष्मा लावून कागद वाचायला घेतला, तर त्याने कागदावर हात ठेवला.

"तुमी नको, भाऊ. ताईंना वाचूं द्या. सगला."

शुभदाने पहिल्या ओळीपासून वाचले. खुलासे, घड्याळ, दागिने, काही गाळले नाही. नववे कलम त्याने दोनदा वाचायला लावले. शेवटी विचारले, "आजून काय ऱ्हायलंय?" ती म्हणाली, "नाही दौलतदादा, संपलं."

मी डबी उघडली आणि सवयीने त्याचा हात धरायला हात पुढे केला. त्याने तो बाजूला सारला. अंगठा स्वतः शाईत टेकवला, स्वतः उमटवला. मला शिवी दिली नाही, माफही केले नाही. मागच्या दाराने जाताना पडवीत थांबला आणि अंगठ्याची शाई उजव्या गोलाच्या डाव्या खांबाला पुसली. त्या खांबाला पाठ लावून तो सात वर्षे उभा राहत असे.

खांब पोपटच्या ताब्यात देताना तो डाग घासू नये.

त्र्यं. म. क.