फाटकावरचे डबे

३ मार्च
शहाद्याजवळच्या साखर कारखान्यात रुजू झालो! आईलाही सोबत आणलंय, त्यामुळे जेवणाची चैन आहे. माझ्या ताब्यात सगळं नेटवर्क, म्हणजे मुख्यतः एक स्विच. घुं घुं करणारी पेटी, प्रत्येक कॉम्प्युटरची वायर तिच्यात येऊन मिळते. कुणाची वायर चालू, कुणाची बंद, हे तिच्यातली एक फाईल ठरवते. माझ्या आधीच्या हेमराजभाऊंनी वायरीगणिक माणसाचं नाव लिहून ठेवलंय. तळाशी मी माझंही घातलं, योगेंद्र. स्टोअरचे चुडामणअप्पा म्हणाले, हेमराज आधी फाईलीची नक्कल काढायचा, मगच हात लावायचा. म्हातारी माणसं उगाच घाबरतात.

६ मार्च
ऊस मोजायच्या काट्यावर सुकलाल म्हणून एक खडूस बसतो. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून त्याने ट्रॅक्टरवाल्यांसमोर मला झापलं. ‘पोऱ्या, तुले काय समजस?’ सगळे फिदीफिदी हसले. म्हटलं, थांब बेट्या. फाईलीतून त्याची ओळच उडवली. बसू दे दिवसभर हात चोळत. फाईल साठवली मात्र नाही. न साठवलेलं सगळं वीज गेली की पुसलं जातं आणि पेटी जुन्या फाईलीवर येते. त्याची जिरली की ओळ परत घालीन. रात्री दोन घास जास्तच गेले.

७ मार्च
काट्यावर दुसराच माणूस. चुडामणअप्पांना विचारलं तर म्हणाले, ‘कोन सुकलाल? आठे असा कोनी नही शे.’ वाटलं, फिरकी घेतायत. दुपारी सुकलालची बायको कौसाबाई नेहमीसारखी फाटकावर डबा घेऊन आली. कुणाचा, म्हणून वॉचमनने विचारलं. ती डब्याकडे बघू लागली. मग म्हणाली, ‘कोनाना शे, मालेच याद नही.’ आणि उन्हात उभीच राहिली.

१० मार्च
ओळ परत लिहिली. वायर चालू झाली. माणूस आला नाही. तो आहे फक्त जुन्या, साठवलेल्या फाईलीत. पेटी एकदा बंद करून चालू केली तर येईल. पण त्या फाईलीत मी नाही. माझं नाव मी साठवलेलंच नाही. म्हणजे तो येणार, आणि मी —
कौसाबाई आजही आली होती.

१३ मार्च
उद्या गाळप संपतंय. आतापर्यंत वीज कारखान्याची स्वतःची होती. बॉयलर विझला की भोंगा होईल, बाहेरच्या लाईनीवर जाताना वीज जाईल. त्याआधी साठवायला हवं. साठवलं की जुनी फाईल जाईल, आणि तिच्यासोबत सुकलाल कायमचा जाईल. जाऊ दे. मला जगायचंय. भीती वाटते, फार भीती वाटते.

१४ मार्च
साठवायला घेतलं. पेटीने विचारलं, जुनी फाईल पुसू का? खिडकीतून कौसाबाई दिसत होती, डबा छातीशी. मी हो म्हटलं. जुनी पुसली गेली. नवी उतरू लागली — भोंगा. आज लवकर कसा — अंधार —

दिवे आले. फाईल कोरी. एकही नाव नाही.

काट्यावर कुणी नाही. स्टोअरमध्ये अप्पांचा चष्मा. चहा अजून गरम. अप्पा नाहीत. कुणीच नाही. माझं नाव तळाशी होतं, म्हणून अजून मी —

फाटकाबाहेर बायका. प्रत्येकीच्या हातात डबा. नुसत्या उभ्या —

शेवटी आई. सकाळी डबा घरी विसरलो होतो, तो घेऊन आलीय. हाक मारली. बघते माझ्याकडे, पण — मलाच विचारतेय, माझा हा, माझा — आणि थांबते. आई, अगं मी. मी तुझा —