आउरेलियाचे केस

किओज्जा, १२ सप्टेंबर १५४७

ती. बोर्तोलोदादास,

ओर्सेत्ताचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. यंदा मासळी स्वस्त आहे. सासूबाईंचे गुडघे थकले, जीभ मात्र चालू आहे. ह्यांचं जहाज महिनाअखेर सायप्रसहून येईल.

तुझी मोलकरीण मेनेगा काल मासळीच्या होडीतून आली आणि चुलीपाशी बसून रडली. फाउस्तिनावहिनीला तू वरच्या खोलीत कोंडलंस म्हणे. "धनी म्हणतात, रविवारची चर्चमधली मिस्सा होऊ दे, मग निकाल लावतो. सुरीला धार लावून आणलीय, ओर्सेत्ताबाई."

आणि हे सगळं कामिल्लोच्या पुस्तकावरून! तो यंदाच्या उन्हाळ्यात तापाने गेला, छापणाऱ्याने त्याच्या कविता बाजारात आणल्या, आणि त्यातली आउरेलिया कोण यावर न्हाव्याच्या दुकानात चर्चा रंगल्या. सोनेरी केसांची, कालव्यावरच्या खिडकीत बसणारी, लग्न झालेली. कामिल्लो कविता वाचून दाखवायला तुझ्याच घरी यायचा आणि वहिनीचे केस सोनेरी. मग काय, सगळ्यांनी तुझ्या खिडकीकडे बोट दाखवलं.

दादा, तू जन्मात कविता वाचली नाहीस याचा आज पहिल्यांदा राग आला. कवी लोक कोणाचेही केस सोनेरीच लिहितात. काळ्या केसांची बाई लिहिली तर त्यांची मंडळी हसतात. मी त्याला विचारलं होतं, "हे केस कुणाचे रे?" तो म्हणाला, "आमच्यात सगळ्याजणी सोनेरीच. शिवाय तुझ्यावर कुणाला संशय येणार नाही."

मग तो संशय कुणावर जाईल, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्याने त्या कविता लिहिल्या त्या उन्हाळ्यात मी तुझ्याकडे राहायला होते, आठवतं ना.

तू म्हणशील, वहिनीला वाचवायला खोटं बोलते. म्हणून शेवटची कविता कुणाकडून तरी वाचून घे. तिच्यात आउरेलियाच्या डाव्या खांद्यामागे लाल चंद्रकोर आहे. लहानपणी तू मला शेगडीवर ढकललंस, त्याचा तो डाग. आई लोणी चोळत होती आणि तू माझ्याहून जास्त रडत होतास. सहा वर्षं संसार केलास, पण बायकोच्या पाठीवर काय आहे ते तुला ठाऊक नाही. वर जा आणि बघ. सुरी खाली ठेवून जा.

कामिल्लो मला आवडायचा. त्याची लाज वाटत नाही, भीती मात्र खूप वाटते. मुलीला नणंदेकडे धाडलं आहे. हे आले की त्यांना मीच सांगणार होते. तू आधी आलास तर माझं तेवढं काम वाचेल.

रविवारी वहिनीला मिस्सेला घेऊन जा, लोकांना दिसेल असं, हाताला धरून. मग होडी करून इकडे ये. दुपारी सासूबाई झोपतात, घरात मी एकटीच असते.

अजून तरी तुझीच बहीण,
ओर्सेत्ता