म्हसोबाचा विलायती कोंबडा

गुरुजी, तुम्हाला लिहायचं लिहायचं म्हणता म्हणता लढाई संपली, इंग्रज गेला, मी धरलेल्या सगळ्या नोकऱ्या सुटल्या, पण कागदाला टाक काही लागला नाही. आज शाळेच्या ओट्यावर बसलोय. शेजारी झाकणाची टोपली आहे. टोपलीत काय ते पुढे सांगतो, नाहीतर माझं नेहमीचं व्हायचं, शेवट आधी आणि सुरुवात कुठेच नाही.

मला आठवतो तो दुष्काळाचा उन्हाळा. मी नाटक कंपनीतून पळून गावी आलो होतो. (कंपनीत पडदा ओढायचो. राजा मरायच्या आधीच एकदा पडदा टाकला, असो.) नवरा वारलेल्या, अख्ख्या गावाच्या चाचीवर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची पाळी आली होती, आणि तुम्ही, कांदासुद्धा न खाणारा माणूस, तिच्या अंगणात उपरणं नाकाला लावून उभे. म्हणता, "नगरच्या लष्कराला अंडी लागतात. गावानं मिळून कोंबड्या पाळायच्या. बायका खडीवर जाणार नाहीत." 'अंडी' हा शब्द तुम्ही तेवढा एकदाच उच्चारलात. पुढे कायम 'माल'.

नगरहून पांढराशुभ्र विलायती कोंबडा आला. जात सुधारायची तर गावात दुसरा कोंबडा नको, असा तुमचा नियम. सरकारचं नाही, देवाचं नाही, पण तुमचं हे एक म्हणणं गावानं अक्षरशः पाळलं. आठवडाभर घराघरात रस्सा रटरटत होता. तुम्ही गल्लीतून जाताना मला म्हणालात, "लोक सहकार्य करताहेत, पण वास कसला रे?" मी म्हणालो, "सहकार्याचाच, गुरुजी."

पिल्लं निघाली, चाचीची चूल पेटू लागली, करंजीच्या घाटात फुटून उरलेला माल बाजरीच्या भुशातून नगरला पोचू लागला. आणि खालच्या आळीतल्या तात्यांची म्हैस विताना अडली. तात्या म्हसोबाला नवस बोलले. म्हैस सुटली, पारडी झाली, आणि अमावास्येला तात्या विळा घेऊन याच ओट्यासमोर उभे.

"गुरुजी, कोंबडा द्या."

"तात्या, पाथर्डीच्या बाजारातून आणा की दुसरा!"

"म्या देवाला गावचा कोंबडा बोललोय, बाजारचा न्हाई. आन् गावात ह्यो एकच हाय. बाकीचे तुमीच खायला लावले."

"अहो, पण हा सगळ्यांचा आहे!"

"मंग नवस एकट्याचा व्हय? त्या म्हशीचं दूध सकाळच्याला कुनाच्या घरी जातंय?"

मागच्या रात्रीचा खरवस तुमच्या पोटात होता.

चाचीनं कोंबडा पदरात घेतला होता. "तात्या, ह्याला कापलं तर माज्या चुलीत पानी पडलं. उद्यापास्नं मी खडीवर. मंग तुमच्या देवाला मीच इचारीन, पोट भरलं का म्हनून."

विळा काही खाली होईना. तेव्हा तुम्ही घसा खाकरलात. "तात्या, देवाच्या नावानं वळू सोडतात ना? मग हाही सोडा. कापायचा नाही, गुलाल लावायचा. देवाचा माल देवाच्या गावात हिंडेल."

"आन् देव कोपला तर?"

"जामीन मी."

तात्यांनी तुम्हाला खालून वर न्याहाळलं. "तुमी बामन. तुमची जामिनकी म्हसोबाला चालंल व्हय?"

"न चालायला काय झालं?" चाची म्हणाली. "अख्ख्या गावात कोंबड्यावर डोळा नसलेला ह्यो एकच मानूस हाय."

जामीन तुम्ही, म्हणून सोडायचाही तुम्हीच. जन्मात पहिल्यांदा तुम्ही कोंबडा धरलात. तुम्ही डोळे मिटलेले, त्याचे उघडे. त्यानं तुमच्या मनगटावर चोच मारली आणि तात्या म्हणाले, "देवानं अंगठा उठवला." त्या दिवशी तुम्ही किती अंघोळी केल्यात ते आडालाच ठाऊक. पुढे तो देवाचा म्हणून कुणी हाकलेना. खळ्यात ज्वारी खाई, वर्गात तुमच्या टेबलावर चढे. पाढे म्हणताना मध्येच आरवला की तुम्ही एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून म्हणायचात, "थांबा रे. आधी त्याचं होऊ द्या."

तुम्ही गेलात, तो राहिला. गेल्या महिन्यात तोही म्हातारा होऊन गेला. चाचीनं मला शेवगावला निरोप धाडला: नवा आन, न्हाईतर पुन्यांदा खडी. म्हणून ही टोपली. आता हा सोडायचा तर गावात मुक्काम असलेला जामीन लागतो, आणि माझा मुक्काम कुठेच नसतो, हे तुम्हीच माझ्या बापाला सांगत होतात.

एक सांगू? मलाही कोंबड्याची भीती वाटते. हे पत्र आजच सुचलं ते झाकण उघडायचं लांबवण्यासाठी. तो आत धडपडतोय, आणि

थांबा. तात्या आलेत. गुडघे गेल्यापासून ते उंबऱ्याबाहेर पडत नाहीत म्हणे, पण नातवाच्या खांद्यावर हात टाकून इथवर आलेत. हातात विळा नाही, ज्वारीची मूठ आहे. विचारताहेत, "जामीन कोन?" चाचीनं बोट माझ्याकडं केलंय, आणि मी 'मीच' म्हणून झाकण उघडलंय. टोपलीतलं भूस ओलं झालंय, गुरुजी. रात्री तो त्यातच निजणार, म्हणून हा कागद आता तिथंच अंथरतो.