रविवारचा फिल्टर, सोमवारचा खोकला

अप्पा,

काल मी माझ्या गाडीचा एअर फिल्टर स्वतः बदलला. ज्याला हे सांगावं असं दुसरं माणूस आता उरलेलं नाही म्हणून तुम्हाला सांगते आहे. एरवी तुमच्याशी बोलायची इच्छा मला इतक्या वर्षांत फारशी झालेली नाही. सात रस्त्याजवळच्या दुकानात फिल्टर घ्यायला गेले, तर काउंटरमागच्या माणसानं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. "आजी, बसवायला मेस्त्रीकडं जावा की. तुमाला न्हाय जमायचं ते." मी म्हटलं, "तुझ्या जन्माच्या आधीपासून जमतंय मला." "मंग या की आमच्याकडं कामाला." "माझं बोलणं झेपायचं नाही तुला," असं सांगून मी फिल्टर पिशवीत टाकला आणि घरी आले. कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण जीभ काही निवृत्त होत नाही. ती तुमच्याकडून आली आहे.

हल्ली हे काम अगदीच सोपं झालंय. बॉनेट उघडायचं, प्लॅस्टिकच्या काळ्या डब्याच्या खिट्या सोडायच्या, जुना फिल्टर उचलायचा, डबा कोरड्या फडक्यानं आतून पुसायचा, नवा बसवायचा आणि खिट्या परत लावायच्या. जुना फिल्टर बाहेर काढला तर त्याच्या घड्यांमध्ये आपल्या गावची माती गच्च बसलेली. तो टाकूनच द्यायचा होता, तरी माझ्या हातानं सवयीनं पायरीवर आपटला. ठप, ठप. धूळ उडून तोंडावर आली आणि मी तिथंच पायरीवर बसले. तो आवाज माझा नव्हता, तुमचा होता.

गिरणीच्या मॅनेजरनं वापरून सोडलेली ती करडी गाडी तुम्हाला मिळाली, तेव्हा ऑफिसर लोकांच्या क्वार्टर्समधली सगळी बिऱ्हाडं बघायला लोटली होती. मला ती रविवारची सकाळ अजून दिसते. सुट्टी म्हणून गिरणीचा भोंगा नाही, लिंबाखाली गाडी उभी आहे, तुम्ही बनियनवर आहात. इंजिनावर पत्र्याचा गोल डबा आहे, त्याच्या डोक्यावर दोन पाकळ्यांचा नट. नट हातानं सुटतो, झाकण निघतं, आतून कागदाच्या घड्यांची गोल कडी बाहेर येते. तुम्ही म्हणता, "फडकं." मी अव्वाच्या जुन्या पातळाचा धुतलेला तुकडा कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर अंथरते. "तोंड उघडं ठेवायचं नाही. एक खडा आत गेला तर इंजिन गेलं." फिल्टर फरशीवर हलक्या हातानं आपटायचा. सायकलच्या पंपानं आतून बाहेर हवा मारायची, बाहेरून आत कधीच नाही, नाहीतर धूळ कागदात रुतून बसते. पाणी लावायचं नाही. नट पिळून आवळायचा नाही. शेजारच्या मुली अंगणात रांगोळीचे ठिपके काढत बसलेल्या असायच्या आणि मी हे शिकत होते. मला त्याचा फार गर्व होता.

त्याच वेळी आत अव्वा उखळात शेंगा कुटत असायची. भाजलेल्या शेंगा, लसूण, जिरं, तिखट, मीठ. तेल सुटून गोळा होईपर्यंत मुसळ थांबायचं नाही. अक्कलकोटकडची तुमची बायको, रागावली की कानडीत जाणारी आणि खूश झाली की चटणी कुटणारी. ती चटणी आणि कडक भाकरी हा तुमचा रविवार होता. तुम्ही जेवताना काही बोलायचा नाहीत, फक्त वाटी पुढे सरकवायचात, आणि अव्वाच्या तोंडावर जो आनंद दिसायचा तो मी नंतर कधी कुणाच्या तोंडावर पाहिला नाही.

सोमवारी संध्याकाळी तुम्ही घरी यायचात ते छाती धरून. कोरडा खोकला, श्वास अडकलेला, जिना चढून आल्यासारखा. मंगळवारी कमी, बुधवारी आणखी कमी, शनिवारी तुम्ही ठणठणीत. मग रविवार, आणि पुन्हा सोमवार. पाटावर बसण्याआधी तुमचा प्रश्न ठरलेला असायचा, "काल काय घातलं होतंस?" अव्वा आठवून आठवून सांगायची, चोरी पकडली गेल्यासारखी. पहिल्यांदा दही गेलं. मग तळण गेलं. लोणचं गेलं. सोमवार काही हलला नाही. शेवटी चटणीवर आळ आला. शेजारच्या काकू येऊन सांगून गेल्या की शेंगदाण्यानं कफ होतो, आणि अव्वा त्यांच्यासमोर मान खाली घालून म्हणाली, "माझाच हात वंगाळ हाय की."

मग तो दुष्काळाचा उन्हाळा आला. मे महिन्याची सुट्टी होती, तुमचा चष्मा घरी राहिला म्हणून अव्वानं मला गिरणीत पाठवलं. गिरणी मी दसऱ्याला पाहिलेली होती, बंद, धुतलेली, झेंडूच्या माळा घातलेली. तुम्ही ज्याचे मास्तर होतात ते कार्डिंग खातं चालू असताना, जिथं रुई विंचरून तिचे पेळू करतात, ते मी पहिल्यांदाच पाहत होते. आतली हवा पांढरी होती. रुईचे बारीक तंतू दिव्यांवर, तुळयांवर, माणसांच्या भुवयांवर साठले होते. सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधलेली. उघड्या तोंडानं फिरत होतात ते एकटे तुम्ही, पांढऱ्या शर्टात. आणि यंत्रांच्या आवाजातही ऐकू येईल इतकं ते सबंध खातं खोकत होतं. दारातल्या जॉबरनं, खात्याच्या मुकादमानं, माझा चेहरा बघितला, फडकं खाली ओढलं आणि हसला. "भिऊ नका, ताई. आज सोमवार हाय न्हवं? सोमवारी समद्यांचंच आसं. सुट्टी मानवत न्हाय आमाला." त्याच्या शेजारचा म्हणाला, "तुमच्या वडलांना सांगा की, सुट्टीच बंद करा म्हनावं." दोघं हसले, आणि हसता हसता आणखी खोकले.

पुढच्याच रविवारी पुण्याहून मागवलेला नवा फिल्टर आला. जुना आता आपटून साफ होईना, गाडी चढावर गुदमरत होती. तुम्ही दोन्ही फिल्टर शेजारी शेजारी धरून मला दाखवलेत, एक कोऱ्या वहीसारखा, एक शेतातल्या ढेकळाच्या रंगाचा. मी विचारलं, "बदलला नाही तर काय होतं?"

"लगेच काही नाही होत. गाडी चालते की. आधी चढावर दमते, मग सपाटीवरही. लोकांना वाटतं पेट्रोलच खराब आहे."

मला थांबता आलं नाही. "अप्पा, सोमवारी तुमचं सगळं खातं खोकतं. त्या सगळ्यांच्या घरी जाऊन अव्वा चटणी कुटून येते का?"

तुमचा हात थांबला. "बिड्या ओढतात ते."

"तुम्ही कुठं ओढता?"

"फडकं काढ."

"पण अप्पा..."

"फडकं काढ म्हटलं ना! हे क्वार्टर, ही गाडी, तुझी ती सिस्टरांची शाळा, हे सगळं कुठल्या खात्यातून येतं, आहे का माहिती? मास्तरच म्हणायला लागला की खात्यातली हवा वाईट आहे, तर तो मास्तर राहील का तिथं?" मग तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलंत आणि आवाज खाली आणलात. "अव्वापाशी यातलं अक्षर काढायचं नाही."

तेव्हा मला कळलं की तुम्हाला सगळं माहीत होतं. कदाचित माझ्या जन्माच्या आधीपासून. नवा फिल्टर तुम्ही स्वतः बसवलात आणि नट इतका पिळून आवळलात की पुढच्या खेपेला तो पकडीनं सोडवावा लागला.

तासाभरानं तुम्ही जेवायला बसलात. अव्वानं त्या दिवशी तिखट निम्मं घातलं होतं, तेल सुटण्याआधीच मुसळ थांबवलं होतं, आणि ती चटणी ताटाच्या कडेला नखाएवढी वाढून ती तुमच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तुम्ही बोटानं ती बाजूला सारलीत. "नको. उद्या सोमवार आहे. बाधतं मला तुझ्या हातचं." हे बोलताना तुम्ही तिच्याकडे बघत नव्हतात, माझ्याकडे बघत होतात. अव्वा म्हणाली, "चुकलंच माझं." दुपारी तिनं उखळ घासलं, पालथं घातलं आणि त्यावर पाण्याची घागर ठेवली. ती घागर तिथून कधी हलली नाही.

मला राग कशाचा आहे ते नीट ऐका. तुम्ही नोकरी सोडली नाहीत याचा नाही. पोटासाठी माणसं याहून वाईट हवा खातात. शाळेत एक मुलगी खोटं बोलली तर सिस्टर तिला व्हरांड्यात गुडघ्यांवर बसवत, सगळ्या वर्गांना दिसेल अशी. मी कधी तसे सोललेले गुडघे घेऊन घरी यायचे आणि इथं तुम्ही पाटावर मांडी घालून रोज खोटं जेवत होतात. इंजिनाच्या तोंडावर अव्वाच्या पातळाचा तुकडा होता. तुमच्या तोंडावर नव्हता, कारण मास्तरानं कामगारासारखं फडकं बांधून फिरलं तर शोभत नाही. तेही एक वेळ ठीक. गिरणीला दोष देता येत नव्हता तर गप्प बसायचं होतं, नशीब म्हणायचं होतं, हवामान म्हणायचं होतं. तुम्ही घरातलं सगळ्यांत गरीब माणूस शोधलंत आणि त्याच्या डोक्यावर तो खोकला ठेवलात.

मग हळूहळू सगळेच वार सोमवार झाले. तुम्हाला आडवं होता येईना. लोडाला टेकून, खिडकीकडे तोंड करून रात्री काढायचात. गिरणीच्या डॉक्टरनं दमा म्हटलं आणि विषय संपवला. रुईच्या धुळीचा आजार सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीच जास्त उसळतो, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. अव्वा मऊ भात भरवायची, बिनफोडणीचा, बिनतिखटाचा, स्वतःही तेच खायची. त्या दिवसांतली एक दुपार मी विसरू शकत नाही. शेजारी कुणीतरी शेंगा कुटत होतं, लसणाचा वास भिंतीवरून आला आणि तुम्ही डोळे उघडलेत. "थोडी चटणी दे गं," म्हणालात. अव्वा घाबरली. "बेड, बेड! नको! अहो, मागितलं तरी कसं? तिनंच तर घात केला तुमचा." आणि ती तुमचे पाय चेपत रडायला लागली. मी उशाशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एक वाक्य लागत होतं, अप्पा. श्वास कमी होता, मान्य, पण चटणी मागण्याइतका होता. मी वाट पाहिली. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत आणि म्हणालात, "राहू दे." पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात.

ते वाक्य शेवटी मीच बोलले. तुम्हाला जाऊन काही महिने झाले होते, क्वार्टर सुटलं होतं, आम्ही दोघी दोन खोल्यांत राहत होतो. मी तिला खात्यातली पांढरी हवा सांगितली, सोमवारी खोकणारी माणसं सांगितली, लिंबाखालचं तुमचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, मग मोकळी होईल. तिनं माझ्या थोबाडीत मारली. माझ्या वाढत्या वयात तिनं मला एकदाही मारलं नव्हतं. "गेलेल्या माणसाला खोटं पाडतीस? मी घातलं खायला, मला म्हाईत न्हाई का? माझ्या ह्या हातानं घातलं." आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. त्याबद्दल मी पुन्हा कधी बोलले नाही. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. लग्नाकार्यात पानात चटणी आली की पान तसंच पुढे सरकवायची. तिनं तुमचं खोटं तुमच्यापेक्षा जास्त इमानानं सांभाळलं आणि बरोबर घेऊन गेली.

काल हे सगळं पायरीवर बसून आठवलं. मग उठले, नवा फिल्टर बसवला, खिट्या लावल्या, गाडी सुरू करून बघितली. इंजिन छान फिरलं. हातपाय धुऊन कडक भाकरी चुरली आणि चटणी घेतली, चांगली मूठभर, तेल सुटलेली. दर रविवारी खाते. तुमच्या नाकावर टिच्चून खाते, असं मी मनाशी म्हणत असते.

हे पत्र मी जुन्या फिल्टरसोबत कचऱ्याच्या पिशवीत टाकणार आहे. तुमच्यापर्यंत पोचवायची सोय नाही आणि दुसऱ्या कुणी वाचावं असं त्यात काही नाही. फक्त एक गोष्ट राहिली. आज सोमवार आहे. सकाळी उठले आणि खोकला आला, कोरडा, दोनतीनदा. काल एवढी धूळ नाकातोंडात गेली होती, फडकं बांधायचं मलाही सुचलं नव्हतं. हे सगळं मला ठाऊक होतं, अप्पा. तरी खोकताना पहिला विचार मनात आला तो एवढाच, की काल चटणी खायला नको होती.