आतली खुर्ची

३ मार्च
वाद्यवृंदातल्या खुर्च्यांची परीक्षा जाहीर झाली. पडद्याआड बसून वाजवायचं, म्हणजे परीक्षकांना चेहरा दिसत नाही. चेलोच्या पहिल्या खुर्चीसाठी मी नाव दिलं!

तिथे सध्या कोण? आमचे हे. एका स्टँडवर दोघांचं एकच नोटेशन. बाहेरच्या, म्हणजे पहिल्या खुर्चीवाल्याने वाजवत राहायचं, आतल्याने थांबून पान उलटायचं – असा रिवाज. लग्न झाल्यापासून मी आत. हे तल्लीन, मी पानात. टाळ्या अर्थातच यांना.

४ मार्च
सासूबाई: "अगं, मग तो कुठे बसणार?" म्हटलं, माझ्या शेजारी. पुण्य लागतं त्याला! हे उठून आपला चेलो पुसायला लागले. केवढा तो मोठेपणा!

११ मार्च
घरात दोन चेलो. हे खोलीत दार लावून, मी फ्रिजसमोर. शेजारीण विचारते, "तुमच्या व्हायोलिनला सर्दी झालीय का?" चेलो म्हणतात हो त्याला, बाई. सांगून तोंड दुखलं.

१९ मार्च
परीक्षेत घात झाला! झकास चाललं होतं. पानाचा शेवट आला आणि हात आपोआप तारांवरून उठला – पान उलटायला! शेवटचे सूर गेले खड्ड्यात. शेजारी कुणी नाही, पुढे दुसरं पान नाही, उलटत होते कुणासाठी? पडद्यापलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. मी कोण ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२२ मार्च
खुर्ची मला!! "बाकीचं फार चोख वाजवलंत," कंडक्टर म्हणाले. आणि यांचं? पाठ केलेलं सुरेख वाजवलं. मग परीक्षकांनी नवंकोरं पान समोर ठेवलं, तर "मूड नाही" म्हणून उठून गेले म्हणे.

मूड! म्हणजे खुर्ची बायकोला दान केली. मला जिंकायचं होतं हो, भीक नको होती. बोलणं बंद.

२९ मार्च
पहिली तालीम, नवी रचना. मी बाहेर, हे आत. पान संपत आलं – साहेब ढिम्म! डोळे वटारले, पायाने ढोसलं, शेवटी मीच उलटलं. मागचे सगळे चेलो गडबडले. कंडक्टरने माझ्याकडेच पाहिलं. दानशूरांना पान उलटायचा कमीपणा वाटतो! उद्या सगळ्यांदेखत सुनावते.

३० मार्च
सुनावलं नाही. जिन्यातच हे थांबले, माझा हात धरला. "पान संपलं ते दिसतच नाही गं मला. वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, नजर आणखी कमी होत जाईल. नवीन काही आलं की तू वाजवतेस ते ऐकतो, आणि तुझ्या मागोमाग वाजवतो."