पेन्सिलीनं लिहिलेलं वर्ष

१५ जून १९५९, सोमवार
डायरीवर छापलंय रविवार. खोडलं. ही मागच्या वर्षाची — अडते किसनरावांच्या रद्दीत पडली होती, मी मागून घेतली. आत एक अक्षर नाही! वार तेवढा एकानं पुढे सरकवायचा, बाकी डायरी नवी कोरी.

आज सकाळच्या मोटारीनं माझी बायको कांता यवतमाळला गेली. मास्तरणीच्या ट्रेनिंगला, थेट एप्रिलपर्यंत. सातवी पास होऊन नऊ वर्षं चुलीपाशी बसली होती. फॉर्म मीच आणला, सही मीच केली, आणि आता ढाणकीच्या मोटारअड्ड्यावर रडायचं कामही माझंच. ट्रंक टपावर चढली तरी तिचं चालूच — "काडी एकच ओढजा. दिव्याची वात सरळ कापजा. साबन उनात वाळवल्याबिगर वापरू नका!" लोक हसत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ गेली म्हटलं.

हे पेन्सिलीनं लिहितोय, त्याला कारण आहे. कांता मास्तरीण झाली की पाठांची टाचणं काढायला तिला वही लागेल. अशी जाड कागदाची वही दीड रुपयाला पडते. एप्रिलमध्ये सगळं पुसायचं आणि तिच्या हाती द्यायची. तोवर माझं लिहिणं फुकटात. पुसायचंच आहे, तर खोटं कशाला लिहा?

१७ जून
घरात आता मी आणि माय. माय म्हणजे तुळसाबाई — तिची काटकसर गावाला ठाऊक आहे. कांता सांगून गेली एक काडी. मायच्या राज्यात तीही नाही! भल्या पहाटे शेजारून गोवरीवर विस्तव आणायचा. कोंडा फेकायचा नाही, कण्या अंबाडीच्या भाजीत. चहा गुळाचा, आणि तीच पत्ती दुपारी पुन्हा उकळायची. दुपारच्या चहाला चहा म्हणायचं ते केवळ मान म्हणून.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून तिला एकच फायदा तोंडपाठ — "नवसाचं कोंबडं वाचलं, नारळ वाचला!" बाकीचे फायदे ती कोणाला सांगत नाही. पण आता ताठ चालते.

६ जुलै
काडीपेटी बावीस दिवस पुरली! कांता असताना पंधरा. हे तिला कळवायचं नाही.

२३ जुलै
कांताचं कार्ड आलं. पत्त्याच्या बाजूलाही लिहून भरलंय, एक बोट जागा सोडली नाही. अभ्यास अवघड, पण ती वर्गात तिसरी! फळ्यावर लिहिताना हात थरथरला म्हणे. खाली बारीक अक्षरात — "जुन्या सदऱ्याची कॉलर उलटवून लावली तर सदरा अजून दोन वर्ष जाते." मला शिकवते! मी टेलर आहे बाई!

तरी बसून माझ्या दोन्ही सदऱ्यांच्या कॉलरी उलटवल्या. बारीक अक्षर मात्र मला वाचवेना. कार्ड हातभर लांब धरलं तेव्हा कुठे लागलं.

९ ऑगस्ट
सुईचं नेढं सापडेना. अर्धा तास गेला, धागा थुंकीनं ओला चिंब. शेवटी मायनं सुई ओढून घेतली आणि नुसत्या बोटांनी चाचपून ओवून दिली. सत्तर वर्षांची बाई! म्हणाली, "डोये गेले का रे नागो?" मी म्हटलं, ढगाळ आहे. बाहेर लख्ख ऊन होतं.

आता युक्ती काढली आहे. मायकडून सकाळीच दहा सुया ओवून घ्यायच्या, चिंध्यांच्या गठ्ठ्याला टोचून ठेवायच्या. मशीनचं काम दुकानाच्या दारात, दिवसाउजेडी. म्हणजे दिव्याचं तेलही वाचतं. नुकसानीतून फायदा काढावा तो असा.

१४ ऑगस्ट
कांताची उशी वर ठेवून दिली. मायला सांगितलं, वापरली तर अभ्रा धुवावा लागेल, साबण जाईल. खरं ते नाही. धुतली तर तिच्या केसांच्या तेलाचा वास जाईल.

२० सप्टेंबर
आज अब्रू जाता जाता वाचली. तांड्यावरच्या पूनमसिंगाचा सदरा. खडूची रेघ दिसली नाही आणि खिसा लागला आतल्या बाजूनं. त्यानं अंगात घातला, छातीवर हात फिरवला, खिसा गायब! मी घामाघूम. त्यानं आत हात घातला आणि खुशीत ओरडला — "वा रे नागोभाऊ! चोरखिसा! आता बाजारात कोनाचा बाप माहा खिसा कापते?" अजून एक तसाच शिवायला टाकून गेला.

मी मोठ्यानं हसलो. तो गेल्यावर हसू आलं नाही. पुढच्या वेळी गिऱ्हाईक पूनमसिंग नसेल.

१२ ऑक्टोबर
चौकशी केली. उमरखेडला डोळे तपासून चष्मा बारा रुपयांत होतो. बटणांच्या डब्यात वेगळे पैसे टाकायचं ठरवलं. विडी आजपासून बंद. दुपारचा तो मानाचा चहाही बंद. चिंध्यांच्या पिशव्या शिवून बाजाराच्या दिवशी विकायच्या — सरळ शिवण, डोळे लागत नाहीत. कांताला यातलं अक्षर नाही कळवणार. कळलं तर ट्रंक उचलून परत येईल, ओळखतो मी तिला.

१३ ऑक्टोबर
विडी. विडी. विडी.

२९ नोव्हेंबर
डब्यात अकरा रुपये ऐंशी नये पैसे. अजून एक बाजार, की उमरखेड! मायही खूश. म्हणते, "आता माह्या तोंडाच्या सुरकुत्या मोजशीन."

२ डिसेंबर
कांताचं कार्ड. परीक्षेची फी आणि पाठाचं साहित्य मिळून बारा रुपये, पंधरा तारखेच्या आत. "तुमची ओढाताण मले समजते. नसन जमत तर मी वापस येतो. पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली! पुन्हा जागा मिळेल याची कोणी चिठ्ठी दिली आहे?

डबा काढला. माय बघत होती. "तुह्या डोयाचे होते ना ते?"
हो म्हटलं.
तिनं कनवटीला हात घातला, गाठ सोडली, आणि वीस नये पैसे माझ्या तळहातावर ठेवले. बरोबर बारा. मनीऑर्डर करून आलो. कूपनावर लिहिलं — धंदा जोरात आहे, काळजी करू नये.

घरी येऊन बराच वेळ मशीनपाशी नुसताच बसलो. वाईट वाटलं. का खोटं लिहू? चष्म्याचं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

३ जानेवारी १९६०
डायरी संपली म्हणून पुन्हा पहिल्या पानावर आलो. आता वार दोननं चुकतो. दोननं तर दोननं.

१२ फेब्रुवारी
सदऱ्यांची कामं घेणं सोडलं. पिशव्या, गोधड्या, चादरींच्या कडा. लोकांना सांगतो, थंडीत बोटं वळत नाहीत. भाव अर्धा मिळतो. भाकरीला कमी नाही, कोरड्यासाला आहे. मायनं चिंचेचं पाणी आणि मिरची यांचं असं काही केलं की दोन भाकरी गेल्या. मग ती रागावली — "चव चांगली केली का तू जास्त खाते! उद्यापासून बिघडवतो."

८ एप्रिल
शेवटचा पाठ झाला! साहेब मागे बसले होते आणि कांताचा हात थरथरला नाही. तिनंच लिहिलंय. कार्ड मी शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं, हे मात्र तिला कळता कामा नये.

२८ एप्रिल
परवा कांता येणार. उशी खाली काढली. मायनं घर सारवलं. आज चक्क साखरेचा चहा आणून ठेवलाय, तीन कपांपुरता.

ही डायरी आज मायच्या हवाली. रबर आणलं आहे. मी पुसायला बसलो तर काय पुसलं आणि काय राहिलं ते मला दिसायचं नाही. मुळात हे लिहिलेलंच आता मला पुसट धुक्यासारखं दिसतं. मायला वाचता येत नाही, म्हणून तिच्यापुढे लाज नाही. तिला म्हटलं, एकूण एक पान पुस, कांताला कोरी वही द्यायची आहे. "बरं," म्हणाली.

तर हे शेवटचं. बरं वाटायचं इथे लिहून.

२२ मे १९६०, रविवार
हे शाईनं लिहितोय.

नाकावर चष्मा आहे. एप्रिलात कांताच्या हाती एकदम आलेल्या विद्यावेतनाच्या पैशांचा. "माहं काम हाय" म्हणून उमरखेडला नेलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरपुढे बसवलं. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? तिनं ही डायरी पुढे ठेवली. मायनं "पुसलं" म्हणून दिली तेव्हा मी चाळली होती, पानं कोरीच दिसली म्हणून मीच कांताला दिली होती.

एक अक्षर पुसलेलं नाही. मायला म्हटलं, काय केलंस हे! ती चुलीपाशीच बसून होती. "माह्या बापाले कोनी अक्षर शिवू देलं नाही. आपल्या घरात पयल्यांदा कोनी येवढं लिवलं. अन् ते म्या पुसू? माहा हात नाही चालला, नागो."

आणि माझ्या पेन्सिलीवरून निळी शाई फिरली आहे. जूनपासून एप्रिलपर्यंत, अक्षर न् अक्षर, विडी विडी विडीसुद्धा. हात कांताचा. टाचणाची वही दीड रुपयाला नवी आणली म्हणे, आणि शाईची अख्खी बाटली यात संपवली. एवढी उधळपट्टी आमच्या घरात कधी झाली नव्हती.

उशीच्या ओळी तर तिनं दोनदा गिरवल्या आहेत.