आधी मी उघडते

९ मार्च २०१६, बुधवार

फाइल आली. मी उघडली. आणि घोटाळा झाला!

निशा दाभाडेची फाइल. गंगापूर तालुक्यातल्या खेड्यातली मुलगी, आमच्या संस्थेत पीएच.डी. करते. बहात्तरच्या दुष्काळात एक परदेशी बाई इकडे येऊन गावोगावच्या विहिरी मोजून गेली होती. तिचा अहवाल छापील कुठंच मिळत नाही. तीन आठवडे पत्रव्यवहार करून परदेशातल्या एका ग्रंथालयाकडून मागवला. निशाला प्रबंध ३१ तारखेच्या आत द्यायचाय, नाहीतर नोंदणी रद्द. आणि तिचे सर म्हणतात, हे तक्ते नसतील तर तिसरं प्रकरण उभंच राहत नाही.

आता माझी सवय. तीस वर्षांची. ग्रंथालयात काहीही येवो, आधी मी उघडते. पानं मोजते, फाटकंतुटकं बघते, शिक्का मारते, मग वाचकाच्या हातात. तशीच ही उघडली. चौसष्ट पानं. बरोबर!

मग सोबतचं पत्र वाचलं. ज्या संगणकावर पहिल्यांदा उघडेल त्याच संगणकावर चालेल. चौदा दिवस. छापता येणार नाही, साठवून घेता येणार नाही, एकदा उघडल्यावर दुसरीकडे पाठवता येणार नाही. म्हणजे मी ती न उघडता निशाला धाडायची होती. तिनं घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, निवांत वाचली असती. आता ती माझ्या टेबलाला बांधली गेली.

१० मार्च

निशा आली. तिला म्हटलं, “हे असंच येतं. इथं बसूनच वाचावं लागतं.” खोटं किती सहज निघालं तोंडातून!

“बरं मॅडम,” म्हणाली. एवढंच.

चूक कबूल करणं मला जमत नाही. मागे एका प्राध्यापकांनी भर बैठकीत माझी एक चूक दाखवली होती. पुढची दोन वर्षं त्यांना हवं ते पुस्तक नेमकं बाहेर गेलेलं असायचं.

माझी खुर्ची तिला दिली. मी स्टुलावर.

११ मार्च

नवी फाइल द्या म्हणून काल मेल केली होती. उत्तर आलं – एका मागणीवर एकदाच उघडते, पुन्हा रीतसर मागणी करा, तीन आठवडे लागतील. तोवर एप्रिल उजाडेल.

निशानं विचारलं, “मोबाइलवर फोटो काढू का?” नाही म्हटलं. त्या ग्रंथालयाला दिलेल्या हमीपत्रावर माझी सही आहे. ती वहीत उतरवून घेतेय. हातानं लिहायला मनाई कुठं लिहिलीय का, ते पत्र तीनदा वाचून पाहिलं. नाही लिहिलेली.

साहेबराव शिपाई बराच वेळ बघत होता.

“पुस्तक आलं म्हनता, मग घरी न्यू द्या की पोरीला.”

“नेता येत नाही.”

“आन इथं किती दिवस ऱ्हानार?”

“चौदा.”

“मंग आलं कशाला म्हनायचं त्याला? पाव्हना हाय त्यो!”

१४ मार्च

नळाला आज चौथ्या दिवशी पाणी. भरण्यात सकाळ गेली, ग्रंथालयात पोचायला अकरा वाजले. निशा दारात बसलेली. पहाटे पाचला घरून निघते, आधी जीप, मग एसटी. संगणक माझ्या पासवर्डशिवाय सुरू होत नाही. दीड तास नुसती बसून होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समोर नव्या इमारतीचा स्लॅब पडतोय. त्याला पाणी कुठून येतं कोण जाणे.

१६ मार्च

चाळिसाव्या पानावर तिचं स्वतःचं गाव निघालं. गावठाणातली मोठी विहीर – कोरडी. तिनं लगेच वडिलांना फोन लावला. धोंडिबा नाव त्यांचं, तेव्हा बारा वर्षांचे होते. आवाज इतका मोठा की मलाही स्वच्छ ऐकू आला –

“ती व्हय? कोरडी नव्हती ती! लई पानी होतं. आपल्याला भरू देत नव्हते. त्या मडमेला कोरडी म्हनून सांगितलं आसंल कुनीतरी.”

निशानं फोन ठेवला. तक्त्यातली ओळ होती तशीच उतरवली. शेजारी एक फुली मारली. मग मला म्हणाली, “मॅडम, ह्या पानावरच माझं प्रकरण उभं राहतंय.”

मी पाणी दिलं तिला. दुसरं काय करणार!

१८ मार्च

निशा आली नाही. फोन आला – “आज टँकरचा नंबर हाय, आई एकटीच हाय घरी. जमत नाय मॅडम.”

सतरा पानं शिल्लक. दिवस पाच, त्यातला रविवार बंद. दार लावून घेतलं आणि मीच लिहायला बसले. विहिरीची खोली, घेर, पाणी किती हात. शाळेनंतर इतकं लिहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सहा पानं झाली. आज तिचा दिवस बुडाला तो माझ्यामुळे. तिच्याच लॅपटॉपवर असती तर टँकरच्या रांगेतही वाचली असती.

१९ मार्च

माझी पानं दिली. तिनं एकेक आकडा पडद्याशी ताडून पाहिला. दोन चुका काढल्या! राग आला. मग दुरुस्त केल्या.

२२ मार्च

चारला शेवटचं पान संपलं. पाचला पडद्यावर पाटी आली – मुदत संपली. निशा वही छातीशी धरून उभी होती. मी नोंदवहीत लिहिलं : अहवाल परत.

तिला सगळं सांगायचं ठरवलंय. पण आत्ता नको, प्रबंध तर देऊ दे.

३१ मार्च

दिला! दुपारी दोनला. तिचा फोन आला तेव्हा मी चक्क टाळी वाजवली. साहेबराव बघतच राहिला.

२ एप्रिल

निशा पेढे घेऊन आली. धीर करून म्हटलं, “एक सांगायचं राहिलंय. ती फाइल मी आधी उघडली, म्हणून...”

“माहितीय मॅडम. फाइलीसोबतच्या त्या पत्राची एक प्रत मलाबी मेलवर आली होती. पहिल्याच दिवशी.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुमची खुर्ची मिळाली असती का?”

मिळाली असती, असं म्हणायला हवं होतं. पण म्हणाले नाही. कारण नसती दिली.